तालिकापत्रापासून संकेतस्थळापर्यंत

(द्वितीय वर्ष, कला)

ग्रंथपालाचे काम म्हणजे पुस्तके देणे आणि परत घेणे, असा एक समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. असा समज बाळगणाऱ्यांचा फारसा दोष नाही. देवघेवीच्या खिडकीतून आपल्याला तेवढेच दिसते. खिडकीच्या आत जे चालते त्याला ग्रंथालयशास्त्रात वर्गीकरण आणि तालिकीकरण अशी नावे आहेत. पुस्तक कशाविषयी आहे हे ठरवणे, त्याला वर्गांक देणे, लेखकाचे नाव कोणत्या रूपात नोंदवायचे याचा निर्णय करणे, आणि ज्याला पुस्तकाचे नाव अर्धवटच आठवते आहे त्यालाही ते सापडावे अशी वाट करून ठेवणे, हे ते काम होय. हेच काम आता संकेतस्थळावर करावे लागते. म्हणून माहितीच्या क्षेत्रात ज्याला काम करायचे आहे त्याने संकेतस्थळ बांधण्याची विद्या स्वतः शिकली पाहिजे, ती संगणकवाल्यांवर सोपवून भागणार नाही, असे मला प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

हा विषय मी निवडला तो ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे. गेल्या वर्षापासून मी ग्रंथालयात काम करते, आणि पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राकडे वळण्याचा माझा विचार आहे. खिडकीशी बसले की एक गोष्ट वारंवार दिसते. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही अशी मुले-मुली (त्यांत मीही आले) पुस्तक मागायला बिचकतात. नाव चुकीचे सांगितले तर हसतील, ‘असले पुस्तक नसते’ असे कोणी म्हणेल, ही धास्ती मनात असते. अशा विद्यार्थ्याला मोबाईलवर, कोणाला न विचारता, आपल्या ग्रंथालयात काय आहे हे शोधता आले तर तो पुस्तकापर्यंत पोहोचतो. नाही तर तो मार्गदर्शिकेवर परीक्षा काढतो. तेव्हा संकेतस्थळ ही शोभेची वस्तू नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.

वेब या गोष्टीचा जन्मच मुळी माहितीच्या गैरसोयीतून झाला. जिनिव्हाजवळ ‘सर्न’ ही भौतिकशास्त्राची मोठी संशोधनसंस्था आहे. तेथे जगभरातून शास्त्रज्ञ येत, साधारण दोन वर्षे काम करीत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर कोणते उपकरण कोठे आहे, कोणता अहवाल कोणी लिहिला, ही माहितीही निघून जाई. टिम बर्नर्स-ली या इंग्रज तंत्रज्ञाने मार्च १९८९ मध्ये आपल्या वरिष्ठांना एक टिपण सादर केले. त्याच्या मथळ्यात ‘माहितीचे व्यवस्थापन’ हेच शब्द होते. वरिष्ठांनी त्यावर शेरा मारला तो असा की कल्पना अस्पष्ट आहे, पण उत्साह वाटावा अशी आहे. पुढे १९९०च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार झाला, १९९१ मध्ये वेब बाहेरच्या लोकांना खुले झाले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र कोणत्याही मोबदल्याशिवाय सर्वांना वापरू दिले. एका संस्थेतील हरवणाऱ्या कागदपत्रांच्या काळजीतून हे सारे निघाले आहे. ही काळजी कोणत्याही ग्रंथपालाला ओळखीची वाटेल.

आता वेबपान म्हणजे प्रत्यक्षात काय असते ते पाहू. ते असते साधे लिखाण, आणि त्या लिखाणात अधूनमधून घातलेल्या खुणा. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. हा मुख्य मथळा, हा उपमथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, असे त्या खुणा ब्राउझरला सांगतात. मथळ्यांच्या ‘एच-वन’पासून ‘एच-सिक्स’पर्यंत सहा पायऱ्या आहेत.

ज्यांनी जुने तालिकापत्र पाहिले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. पाच इंच लांब, तीन इंच उंच असे ते जाड कागदाचे पत्र. खाली मध्यभागी भोक, त्यातून खणाची सळई जाते. पत्रावर लेखकाचे नाव डावीकडून ठरावीक जागा सोडून लिहायचे, पुस्तकाचे नाव त्याच्या खालच्या ओळीत आणखी थोडे आत. ही सोडलेली जागा सौंदर्यासाठी नव्हती. कोणती ओळ कशाची आहे हे ती सांगत असे. एचटीएमएलच्या खुणाही तेच सांगतात. मात्र अक्षर मोठे दिसावे एवढ्यासाठी कोठेही मथळ्याची खूण ठोकून देण्याची रीत फार पसरली आहे. ग्रंथालयात लाल पुठ्ठ्याची पुस्तके एका कपाटात आणि निळ्या पुठ्ठ्याची दुसऱ्यात लावावीत, तसा हा प्रकार होय. दिसण्याची व्यवस्था करण्यासाठी सीएसएस नावाची वेगळी भाषा आहे. होकोन व्हिउम ली यांनी ती १९९४ मध्ये सुचवली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला प्रमाण रूप मिळाले. रंग, अक्षराचा आकार, समास, दोन ओळींतील अंतर हे सारे तिच्याकडे. अर्थ एका जागी आणि रूप दुसऱ्या जागी, हा विभाग ज्याला कळला त्याला अर्धी विद्या आली असे मी म्हणेन. तिसरी भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ मध्ये केली. पानाला हालचाल तिच्यामुळे येते; शोधपेटीत अक्षरे टंकली की यादी तेवढीच उरते, ती तिची करामत.

या तिन्ही भाषा शिकण्यासाठी मी एक लहानसे काम हाती घेतले. आमच्या ग्रंथालयातील मराठी कवितेच्या १८० पुस्तकांची यादी एका पानावर आणायची. दशांश वर्गीकरणात मराठी कवितेचा वर्गांक ८९१.४६१, त्या कपाटासमोर वही घेऊन बसायचे आणि एकेक पुस्तक नोंदवायचे. पान बांधणे आठवड्याभरात झाले. खरे काम निघाले ते नावांचे.

‘विशाखा’ हा संग्रह कुसुमाग्रजांचा आणि ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे. ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, संगणकाला नसते. शोधपेटीत ‘शिरवाडकर’ लिहिले तर ‘विशाखा’ येणार नाही. आरती प्रभु म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, कविता एका नावाने, कादंबऱ्या दुसऱ्या. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, आणि विनोदी लेखन करताना तेच बाळकराम. केशवसुत, बालकवी, ग्रेस यांचेही तसेच. शिवाय एकच नाव लिहिण्याच्या तऱ्हा किती! आद्याक्षरांनंतर टिंब द्यायचे की नाही, टिंबानंतर जागा सोडायची की नाही, आडनाव आधी की नंतर. ग्रंथालयशास्त्रात यासाठी प्रत्येक लेखकाचे एक रूप मुक्रर करून बाकीच्या रूपांपासून त्याकडे ‘पाहा’ अशी सूचना देण्याची पद्धत आहे. तालिकापत्रांच्या खणात अशी सूचनापत्रे घातलेली असत. वेबपानावर ती सूचना म्हणजे एक दुवा, किंवा नोंदीतच न दिसणारी पण शोधात येणारी जादा नावे. मी दुसरा मार्ग पत्करला. आता ‘दामले’ लिहिले तरी केशवसुत येतात.

संकेतस्थळ बांधून देणारा व्यावसायिक कितीही कुशल असला तरी गोविंदाग्रज कोण हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. तो ‘लेखक’ अशी एक चौकट करून देईल आणि तीत जे भराल ते दाखवील. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली; अशा सूचिकारांकडे हे ज्ञान असते. ते ज्ञान आणि पान बांधण्याची कला या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांत असल्या की मध्येच काही तरी सांडते. माझा मुद्दा एवढाच आहे.

मराठीपुढची दुसरी अडचण लिपीची. काही वर्षांपूर्वीपर्यंत मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टंकला जाई त्यांत खरी अक्षरे रोमनच असत, फक्त त्यांचे चित्र देवनागरी असे. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये आपल्याला ‘क’ दिसतो, पण संगणकाने साठवलेला असतो रोमन ‘डी’. छापण्यापुरते हे ठीक. पण असा मजकूर संकेतस्थळावर ठेवला की फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते, आणि शोधयंत्राला तर त्यात मराठीचा मागमूसही लागत नाही. युनिकोड या प्रमाण संकेतव्यवस्थेने हा प्रश्न सोडवला. तीत देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा दिलेल्या आहेत आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या फॉन्टांतील याद्या आजही अनेक ठिकाणी पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणल्यावाचून शोधण्याजोग्या होत नाहीत.

युनिकोड आले म्हणजे सर्व निभावले असे मात्र नाही. ‘ॲरिस्टॉटल’ हा शब्द घ्या. त्यातील पहिले अक्षर एकसंध ‘ॲ’ म्हणून लिहिता येते, किंवा ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशा दोन खुणांनीही लिहिता येते. एकसंध अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्यापूर्वीचा मजकूर अर्थातच दुसऱ्या रीतीचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला भिन्न. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने नोंदवलेले पुस्तक ‘नाही’ असे उत्तर येते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’ची हीच कथा, तोही दोन प्रकारे टंकता येतो. पुस्तक कपाटात आहे, नोंद पानावर आहे, आणि तरीही वाचक हात हलवत परत जातो! उपाय सोपा आहे. शोध घेण्यापूर्वी वाचकाने लिहिलेले आणि नोंदीतले, दोन्ही शब्द एकाच रीतीत बदलून घ्यायचे. जावास्क्रिप्टच्या चार-पाच ओळींचे काम. पण ही गरज मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यालाच सुचते.

अनुक्रमाचाही घोटाळा असाच आहे. संगणक नुसत्या क्रमांकांप्रमाणे लावू लागला तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तेथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतरचा. आणि एकसंध ‘ॲ’ने सुरू होणारी नावे तर ‘ह’च्याही पलीकडे जाऊन पडतात. भाषा कोणती हे सांगून तिच्या रीतीने क्रम लावण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे, तिचा उपयोग करावा. त्याचप्रमाणे पानाच्या आरंभीच भाषा मराठी आहे असे नोंदवण्याची एक खूण असते. तीत ‘एमआर’ ही दोन अक्षरे घालायची. पुष्कळ मराठी पानांवर तेथे इंग्रजीचे चिन्ह तसेच राहिलेले असते. त्याचे परिणाम दोन. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ ज्या फॉन्टात वेगळा दिलेला असतो तो निवडला जात नाही. आणि पान वाचून दाखवणारा कार्यक्रम मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचू पाहतो.

या वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. अंध विद्यार्थी संगणक वापरतात ते याच साधनावर. एनव्हीडीए हा त्यांपैकी एक मोफत मिळणारा कार्यक्रम. तो पानावरील मजकूर आवाजात वाचतो आणि मथळ्यांच्या खुणांवरून उड्या मारत पानात फिरू देतो. म्हणजे मथळ्याची खूण योग्य जागी घालणे हा केवळ टापटिपीचा प्रश्न राहत नाही. डोळस माणूस नजर टाकून जे करतो ते अंध माणूस त्या खुणांवर करतो. आपल्याकडे सूचना छापायची, तिच्यावर सही-शिक्का घ्यायचा, मोबाईलने फोटो काढायचा आणि तो फोटो संकेतस्थळावर लावायचा, असा प्रघात बहुतेक संस्थांत दिसतो. त्या फोटोत वाचन-कार्यक्रमाला एकही अक्षर दिसत नाही. परीक्षा अर्जाची अंतिम तारीख अशा चित्रात कोंडलेली असेल तर ती कळायला दुसऱ्याचे पाय धरावे लागतात. चित्राला पर्यायी मजकूर देण्याची खूण एचटीएमएलमध्ये पहिल्यापासून रूढ आहे, आणि वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय नियम १९९९ पासून लिहून ठेवलेले आहेत. त्यांच्या २००८च्या आवृत्तीत साध्या आकाराच्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांतील प्रखरतेचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे सांगितले आहे. फिकट करड्यावर पांढरे लिहिण्याची जी हौस हल्ली दिसते ती या कसोटीवर टिकत नाही. भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर हा नुसता सौजन्याचा विषयही उरलेला नाही.

मोबाईलची बाब त्यामानाने लवकर आटोपते. आपल्यापैकी बहुतेकांचा संगणक म्हणजे हातातला मोबाईल. सहा रकान्यांचा तक्ता त्यावर मावत नाही. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलण्याची पद्धत ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये नावासह मांडली, आणि सीएसएसच्या थोड्या ओळींत ती साधते. वजनाचा हिशेब मात्र प्रत्येकाने करून पाहावा. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला नेहमीच्या रीतीत तीन बाइट लागतात. तरीही आमच्या १८० पुस्तकांची सगळी यादी शंभर किलोबाइटच्या आत बसली. उलट मोबाईलने काढलेला एक फोटो तीन-चार मेगाबाइटचा सहज असतो, म्हणजे त्या यादीच्या तीस-चाळीस पट. गावाकडे जिथे नेटवर्क चढावर जाऊन शोधावे लागते तिथे हा फरक म्हणजे पान उघडणे किंवा न उघडणे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आज ते असते तर त्यांनी वाचकाचा डेटाही त्यात घातला असता, असे आपले मला वाटते.

टिकाऊपणाचा प्रश्न कोणी विचारात घेताना दिसत नाही, आणि तो तर ग्रंथपालाचा खास प्रश्न. जिओसिटीज या ठिकाणी लोकांनी हौसेने असंख्य पाने बांधली होती; २००९ मध्ये ते बंद झाले. फ्लॅश या तंत्रावर केलेल्या गोष्टी २०२० अखेर त्याचा आधार काढून घेतल्यावर ब्राउझरमध्ये चालेनाशा झाल्या. पण सर्नचे ते अगदी पहिले वेबपान, साध्या एचटीएमएलमधले, आजच्या मोबाईलवरही व्यवस्थित उघडते. यावरून काय निवडावे हे उघड आहे. शिवाय पानाचा पत्ता एकदा दिला की तो बदलू नये. संकेतस्थळाचे ‘नूतनीकरण’ झाले की जुने सर्व दुवे तुटतात आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, अहवाल, अंक हवेत विरतात, असा अनुभव बहुतेकांना असेल. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी स्थापलेली संस्था जगभरच्या पानांच्या प्रती जतन करते, आणि हरवलेले पान पुष्कळदा तेथे सापडते. पण दुसऱ्याच्या कोठारावर विसंबून आपले दप्तर जाळायचे नसते.

शिकण्याच्या क्रमाविषयी विचारले तर मी सांगेन : आधी एचटीएमएल, मग सीएसएस, आणि जावास्क्रिप्ट शेवटी, तेही गरजेपुरते. महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील नोटपॅड आणि ब्राउझर एवढे पुरते, खर्च शून्य. कोणत्याही पानाच्या मागचा मूळ मजकूर ब्राउझर दाखवतो, तो उघडून वाचावा, हे उत्तम पाठ्यपुस्तक. सुरुवातीलाच तयार साच्यांवर पाने करून देणारी साधने घेऊ नयेत. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले तर ती क्षणात पान लिहून देते, हे खरे. पण त्या पानात भाषेची खूण बरोबर आहे का, चित्रांना पर्यायी मजकूर आहे का, हे तपासणाऱ्याला वाचता यायला हवे. टंकलेखनयंत्र आले म्हणून अर्ज कसा लिहावा हे कळण्याची गरज संपली नव्हती.

त्यानंतर ‘कोहा’कडे वळावे. ही ग्रंथालयाची संपूर्ण व्यवस्था सांभाळणारी मुक्त प्रणाली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी ती १९९९ मध्ये बांधण्यास घेतली, कारण त्यांची जुनी प्रणाली सन २००० उजाडताच बंद पडण्याची भीती होती. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि मग सर्वांना फुकट देण्यात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भारतातही ती अनेक ग्रंथालयांत चालते. तिचे वाचकांना दिसणारे रूप सीएसएस जाणणारा ग्रंथपाल स्वतः बदलू शकतो, म्हणजे येथवर शिकलेले वाया जात नाही. नोंदींची रचना समजण्यासाठी ‘डब्लिन कोअर’ ही १५ घटकांची यादीही पाहावी : शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक इत्यादी. (हे डब्लिन आयर्लंडचे नव्हे, अमेरिकेतील ओहायो राज्यातले एक गाव. १९९५ मध्ये तेथे बैठक भरली होती.) कलाशाखेच्या विद्यार्थ्याला यात अवघड असे काही नाही. उलट लेखक कोण, संपादक कोण, अनुवादक कोण, हे नेमके ओळखण्याची सवय आपल्याला वर्गातच लागलेली असते.

कवितेची यादी सध्या ग्रंथालयातील संगणकावर आहे आणि ग्रंथपाल मॅडमच्या परवानगीने ती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जाईल. पुढचे कपाट नाटकांचे. त्याची दाखल नोंदवही जुनी असून तिच्यात अनेक नाटकांपुढे लेखकाचे नुसते आडनाव आहे. तेव्हा पुस्तक हातात घेऊन प्रत्येक नोंद ताडून पाहावी लागेल, आणि रूपांतर असेल तर मूळ नाटककाराचाही शोध घ्यावा लागेल. याला दोन-तीन जण हवे आहेत. संगणक येत नसला तरी चालेल, नाटके वाचलेली असावीत. शनिवारी दुपारनंतर संगणक कक्ष मोकळा असतो.